पैसा आहे, पण गरिबाची कणव नाही : अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं?

तळजाई
मंडळी, एक शब्द हवाय.

माणूस पैसेवाला आहे. चिक्कू नाही, पाहुण्यारावळ्यांवर सढळ हाताने खर्च करतो. उर्मट नाही, रिक्षावाल्यालाही अहो-जाहो करतो. कोणाला लुबाडलेलंही नाही. फक्त गरिबाला ऊन लागतं, त्याच्या पोराची फी भरायची असते, महिना त्याचाही तीस दिवसांचाच असतो, हे याच्या डोक्यातच येत नाही. कोणी सांगितलं तर "अरे, हो का" म्हणतो आणि पुढच्या विषयाला लागतो.

मला सुचलेले शब्द आणि ते का नकोत ते आधीच सांगते. माजोरडा : माज दिसत नाही. कवडीचुंबक : नाही. निर्दयी : फारच नाटकी, मिशा पिळणारा खलनायक डोळ्यांपुढे येतो. धनदांडगा : वर्तमानपत्री आहे आणि त्यात दांडगाई आहे. आणि कृपा करून 'असंवेदनशील' सुचवू नका. तो भाषणातला शब्द आहे. मंडईत कोणी कोणाला "काय असंवेदनशील आहेस रे" असं म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

बोलीतला, तोंडात बसणारा शब्द हवा. म्हणी, वाक्प्रचार चालतील.

पेठेतला_पक्या
पुणेकर.

तळजाई
आलात का. दोन मिनिटं तरी जाऊ द्यायची होतीत.

मुठाकाठ
आप्पलपोटा! आमच्या आजीचा लाडका शब्द. आपलं पोट भरलं की जग जेवलं असं समजणारा.

निवांत_नाना
मुठाकाठ, शब्द गोड आहे, पण आप्पलपोटा आपण लाडू एकट्याने संपवणाऱ्या पोराला म्हणतो. त्यात थोडं कौतुकही असतं. शिवाय आप्पलपोटा व्हायला श्रीमंती लागत नाही, एक लाडू पुरतो.

मी 'सुखासीन' सुचवतो. सुखात इतका बसलेला की उठून खिडकीबाहेर बघायचं कारणच उरलं नाही. 'खुशालचेंडू'ही जवळचा, पण खुशालचेंडू उधळ्या असतो, त्याच्या बापाचा पैसा असतो आणि बहुतेकदा तो संपतो. तळजाईताईंचा माणूस तर एसआयपी करणारा वाटतोय.

तळजाई
नाना, एसआयपी करणारा आहे खरा :)) सुखासीन बरा आहे, पण त्यात दोष पुरेसा नाही. सुखासीन तर मलाही व्हायचंय.

माणदेशी
आमच्याकडं सरळ 'मातलाय' म्हणत्यात. "लई मातलाय त्यो." पाऊस झाला की पीक मातत्यं, पैका झाला की माणूस.

श्रावणसरी
माणदेशींनी 'मातणं' काढलं म्हणून. आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवा : उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. पैसा आल्यावर माणसाचं काय होतं याची भीती आपल्या बायकांना किती असेल बघा, की व्रत सांगतानाच ताकीद देऊन ठेवायची.

आणि शुक्रवारची कहाणी तर याच धाग्यासाठी आहे. भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भाऊ सहस्रभोजन घालतो, बहीण पोरं घेऊन पंगतीला जाऊन बसते. भाऊ म्हणतो, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, येऊ नकोस. तरी येते तर हाताला धरून हाकलून देतो. पुढे देवीची कृपा होते, बहिणीचे दिवस फिरतात, मग हाच भाऊ तिला जेवायला बोलावतो. ती जाते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवत जाते. भाऊ विचारतो, हे काय करतेस? ती म्हणते, ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांना वाढते आहे.

लहानपणी हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडायचा. आता ऐकताना बरं वाटतं, हा वयाचा परिणाम.

मुठाकाठ
+१ श्रावणसरी. पण गंमत अशी की कहाणीत त्या भावाला एकही विशेषण नाही. नुसता 'भाऊ'.

बालेवाडी_बॉय
एकतर्फी धागा आहे. शिव्या शोधायच्याच तर शोधा, पण थोडं आमच्या बाजूनेही बघा. मी लातूरहून आलो, कॉट बेसिसवर राहिलो, आज स्वतःचा फ्लॅट आहे. हप्ता मी भरतो, कर मी भरतो, बाईला दिवाळीला एक पगार जास्त देतो. दिवसभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सडून घरी आल्यावर वॉचमनच्या मुलाची फी माझ्या डोक्यात आली नाही तर मी लगेच राक्षस झालो का? डोक्यात किती गोष्टी ठेवायच्या माणसाने?

तळजाई
राक्षस म्हटलं तर शब्द मिळालाच असता. राक्षस नाही म्हणूनच अडलंय.

दांडेकर_पूल
बालेवाडी_बॉय, फी डोक्यात येऊ नये हे ठीक. कोणी समोर येऊन सांगितल्यावरही आत जात नसेल तर? एक किस्सा लिहितो. सिंहगड रोडच्या बाजूची एक सोसायटी, याहून जास्त सांगत नाही, मला तिथेच राहायचंय.

वार्षिक सभा होती. प्रवेशद्वाराच्या कमानीला नवे दिवे आणि रंग, दीड लाख. आवाजी मतदानाने मंजूर, चहा येण्याच्या आत. पुढचा विषय वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा. केबिन पत्र्याची, तोंड पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी तीनला आत हात घातला तरी भाजतो. म्हणून तो खुर्ची उचलून बदामाच्या झाडाखाली नेतो. त्यावर ग्रुपवर फोटो आला : 'वॉचमन जागेवर नसतो.' फोटो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून काढलेला, काचेत एसीचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतंय.

तर पंख्यावर पाऊण तास चर्चा. वीज कॉमन मीटरवर येणार, रात्री झोप लागेल, मग चोऱ्या होतील, वगैरे. एक गृहस्थ होते, अतिशय मृदू आवाज, दरवर्षी वारीत केळी वाटतात. ते म्हणाले, "अहो, त्यांना सवय असते." झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. विषय पुढच्या सभेवर.

कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी माज केला नाही. मला वाटतं तळजाईताई याच गृहस्थांबद्दल विचारतायत.

तळजाई
अगदी हेच. "त्यांना सवय असते." हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज येतं तो माणूस.

पेठेतला_पक्या
पंखा आला का शेवटी?

दांडेकर_पूल
आला. एका भाडेकरूने स्वतःचा जुना टेबल फॅन दिला. वायर पुरेना. मग एक्स्टेंशन बोर्डाचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे यावर ग्रुपवर साधकबाधक चर्चा झाली.

निवांत_नाना
'सवयवादी' :)

कॅम्पातली_कावेरी
यावर चीनमधली एक जुनी गोष्ट आहे. जिन घराण्याचा हुई नावाचा सम्राट, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेला. दुष्काळ पडला, लोकांना भात मिळेना, उपासमारीने माणसं मरतायत असं दरबारात सांगितलं. सम्राट म्हणाला, मग ते मांस घातलेली पेज का खात नाहीत?

फ्रान्सची राणी आणि तिचं ते केकचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ती बिचारी ते बोलल्याचा काही पुरावा नाही. रूसोने ते 'एका थोर राजकन्येच्या' नावावर लिहिलंय, आणि लिहिलं तेव्हा मेरी आंत्वानेत ऑस्ट्रियात लहान मुलगी होती.

मुद्दा असा की हुई क्रूर नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मुठाकाठ
आमच्याकडचे हुई : "पाणी येत नाही? मग टँकर मागवा ना."

बाणेरकर
"रेशनच्या रांगेत कशाला उभ्या राहता, ऑनलाइन मागवा, दहा मिनिटांत येतं."

सातारी_कंदी
"सुट्टीला गावी गेलात तर विमानाने का नाही गेलात, आधी बुक केलं तर स्वस्त पडतं." हे आमच्या ऑफिसात शिपाईकाकांना विचारलं गेलंय. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी होती हो, खरी काळजी.

विदा_विदुषी
थोडं शास्त्र. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी झेब्रा क्रॉसिंगजवळ उभं राहून पाहिलं होतं, कोणत्या गाड्या पादचाऱ्यासाठी थांबतात. महागड्या गाड्यांचे चालक न थांबता जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. पैसा वाढतो तशी दुसऱ्याकडे बघायची गरज कमी होते, असा त्यांचा साधारण तर्क. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण निरीक्षण रोचक आहे.

पेठेतला_पक्या
हाच प्रयोग अलका चौकात केला असता तर निष्कर्ष निघाला असता : पुण्यात सगळेच अब्जाधीश आहेत.

निवांत_नाना
पक्या, आज पहिल्यांदा सहमत.

उशिराचा_पाहुणा
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. 'असंवेदनशील' हा शब्द कसा वाटतो?

तळजाई
🙏

भीमथडी
धागा आता रंगलाय तर आमच्या मुलखाचं सांगतो. सुपे, बारामती तालुका, तेव्हाचा भीमथडी. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे आणि खतावण्या मागितल्या. मिळाले ते जाळले. माणसं मारायला ते आले नव्हते, कागद जाळायला आले होते. त्याआधी डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यात करडे गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला होता, न्हावी-धोबी सगळं बंद.

मागची कारणं सावकारापुरती नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, वर सरकारने शेतसारा वाढवला होता. शेतकरी सावकाराकडे गेला तर तो आता उधार देईना. चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला.

आता शब्दाकडे येतो. सावकार हा मुळात 'साधुकार'वरून आलेला. म्हणजे सचोटीचा माणूस. आपण अजून 'चोर की साव' म्हणतो तो हाच साव. इतका चांगला शब्द, आणि आज गावात कोणाला 'तो सावकार आहे' म्हटलं की ऐकणारा सावध होतो. कोणी बसून शिवी बनवली नाही. लोक सावकारांशी वागले, सावकार लोकांशी वागले, शब्द आपोआप काळवंडला. तेव्हा तळजाईताई, नवा शब्द शोधू नका. 'सोसायटी मेंबर' शब्द अजून पंचवीस वर्षं वापरात राहू द्या.

दांडेकर_पूल
=)) शेवटचं वाक्य आमच्या नोटीस बोर्डावर लावतो.

बालेवाडी_बॉय
भीमथडी, माहिती उत्तम. पण सगळे श्रीमंत एकाच तागडीत? ससून रुग्णालय कोणी उभं केलं? डेव्हिड ससूनच्या देणगीतून, १८६७ साली. आजही पुण्यातला आणि जिल्ह्यातला गरीब माणूस आधी तिकडेच जातो. ही कणव नाही तर काय आहे?

कॅम्पातली_कावेरी
ससून १८६४ मध्ये इथे पुण्यातच वारले, लाल देऊळ म्हणतात त्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या आवारात त्यांची समाधी आहे, माझ्या घरापासून चालत अंतरावर. देणगी खरीच, आणि तिचं मोल मोठं. पण पेढीचा मोठा पैसा कशातला होता? चीनशी अफूच्या व्यापारातला. इकडे रुग्णालय, तिकडे अफू. अशा माणसाला सहृदय म्हणायचं की नाही?

बालेवाडी_बॉय
म्हणजे दिलं तरी बोलणार आणि नाही दिलं तरी बोलणार.

कॅम्पातली_कावेरी
मी बोलत नाहीये, विचारतेय. दान आणि कणव या एकच गोष्टी आहेत का? वारीत केळी वाटणारे गृहस्थ वर येऊन गेलेत.

निवांत_नाना
जो नजरेसमोर असतो त्या गरिबाबद्दल कणव वाटणं अवघड, लांबच्याबद्दल सोपं. वारकरी दोन दिवसांत पुढे जातो, वॉचमन रोज दिसतो. दान दिलं की विषय संपतो. पंखा दिला की उद्या तो पगारवाढ मागेल ही धाकधूक.

अवांतर : 'गरीब' हा अरबीतून आलेला शब्द आणि तिथे त्याचा मूळ अर्थ 'परका'. फार बदललेला नाही.

पेठेतला_पक्या
अवांतराला अवांतर : पुण्यात श्रीमंत एकच, दगडूशेठ.

श्रावणसरी
आणि त्यांच्या ट्रस्टकडून ससूनमधल्या रुग्णांना जेवण जातं. म्हणजे पक्या, तुमच्या विनोदातही बालेवाडी_बॉयचा एक गुण वाढला.

गुलटेकडी
मी वेगळाच मुद्दा काढतो. तुम्ही श्रीमंताला नावं ठेवायला शब्द शोधताय आणि सापडत नाही म्हणता. गरिबाला नावं ठेवायला शोधा बरं, शोधावे लागतात का? दरिद्री, दळभद्री, भिकारडा, भणंग, भुक्कड, फाटका, फुटक्या कवडीचा. नुसती नावं नाहीत, शिव्या झाल्यात. सिनेमा वाईट असला तर 'भिकार'. पोरगं घाणेरडं वागलं तर 'काय दरिद्री लक्षणं'. उलट चांगल्या गोष्टीला काय म्हणतो? मनाची श्रीमंती. स्वयंपाकात तूप जास्त झालं तरी श्रीमंती थाट. वाईट विचार करणारा माणूस करोडपती असला तरी त्याच्यात आपण 'विचारांचं दारिद्र्य' शोधून काढतो. म्हणजे दोष त्याचा आणि नाव पुन्हा गरिबाचं!

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवायचे, १९७४ पासून आहे ते केंद्र. त्यांना 'विचारांचं दारिद्र्य' हा शब्दप्रयोग मी एकदा समजावून सांगितला तर म्हणाले, "दारिद्र्यानं काय केलंय त्याचं?"

विदा_विदुषी
गुलटेकडी, जबरदस्त. यावर स्वतंत्र धागा काढा.

मुठाकाठ
'हलकं काम', 'हलक्या घरची' हेही त्यातच. 'बडी धेंडं' हा एक शब्द जरा टोचणारा आहे, पण धेंड व्हायला हवंहवंसंही वाटतं लोकांना.

माणदेशी
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा? त्यो तर शुद्ध शिवी हाय श्रीमंताला.

निवांत_नाना
आहे, पण तो लुबाडणारा. ताईंचा माणूस मढ्याकडे बघतच नाही, लोणी कुठून खाणार. तसा 'आहे रे' वर्ग हा शब्द चळवळीतल्यांनी छान रूढ केलाय, पण तो अख्ख्या वर्गाला. एकट्या माणसाला 'काय आहे रे' म्हटलं तर तो म्हणेल, "काही नाही, तू बोल."

पेठेतला_पक्या
नाना, माझ्या शेतात घुसू नका.

एरंडवणे_जुनी
रोज वाचते, लिहिते क्वचित. माझी आई कर्वे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत धुणीभांडी करायची. १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला होता, पगारवाढ आणि हक्काच्या सुट्टीसाठी. तेव्हा ती नवी लग्न होऊन आलेली, पण मोर्चात होती. घरकामगारांसाठी मंडळाचा कायदा यायला पुढे २००८ उजाडलं.

आई आणि तिच्या मैत्रिणी घरांची वर्गवारी करायच्या. एक 'कटकटीचं घर', म्हणजे मागे उभं राहून भांडी घासून घेणारं. एक 'चिकट घर', म्हणजे पगार कापणारं. आणि एक 'कोरडं घर'. कोरड्या घरात पगार वेळेवर, आवाज कधी चढलेला नाही, चहा रोज. दांडी तुटलेल्या कपात, पण रोज. "पोराला ताप आहे, उद्या येणार नाही" म्हटलं की बाई शांतपणे म्हणणार, "मग भांडी आज रात्री येऊन घासून जा, उद्याची मी बघते." रागाने नाही हो. सोय म्हणून. आई म्हणायची, कटकटीच्या घरात भांडता तरी येतं, कोरड्या घरात काय बोलायचं?

माणसालाही म्हणायच्या. "साहेब चांगले आहेत, बाई कोरडी आहे." तळजाईताई, तुमचा शब्द हाच असावा असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

तळजाई
ताई, काय लिहिलंत. 'कोरडा'. अहो, 'कोरडी सहानुभूती' आपण रोज म्हणतो आणि मला सुचला नाही.

बालेवाडी_बॉय
कोरड्यात श्रीमंती कुठे आली? गरीब माणूसही कोरडा असू शकतो.

एरंडवणे_जुनी
असतो की. पण तो कोरडा असला तर कोणाची रात्रीची भांडी वाढत नाहीत.

बालेवाडी_बॉय
हं. हे मान्य.

निवांत_नाना
शब्दाला माझाही कौल. शिवाय 'कोरडा' म्हणजे चाबूकसुद्धा, 'कोरडे ओढणे' त्यातलंच. म्हणजे ज्याला म्हणायचं त्याला लागेलही.

मुठाकाठ
'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' यातही आहेच. केळी वाटणाऱ्यांना फिट्ट.

श्रावणसरी
एरंडवणे ताई, मग कोरड्या घराच्या उलट काय म्हणायची आई? ओलं घर?

एरंडवणे_जुनी
छे, ओलं घर म्हणजे फरशी पुसायचं काम जास्त :)) उलट शब्द नव्हता. त्या घरांना ती आडनावाने ओळखायची.

पेठेतला_पक्या
आमचं आडनाव असेल का त्यात?

एरंडवणे_जुनी
आईने पेठांत काम केलं नाही. वाचलात.